पिवळ्या फुलांचा तक्ता

त्या तक्त्याचा राग कांताबाईंना पहिल्या दिवसापासून होता. पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला कोण विचारतो? वरण करपू नये आणि पोळ्या कमी पडू नयेत, एवढंच तिचं राज्य. म्हणून त्या राग कणकेवर काढायच्या. केंद्रातल्या पोळ्या इतक्या मऊ व्हायच्या त्या याच कारणानं.

केंद्र शहराच्या कडेला, बेसाच्या एका नव्या लेआउटमधल्या दुमजली घरात होतं. दारूतून सुटू पाहणाऱ्या बाया इथं आपल्या लेकरांसकट राहायच्या. बाकी ठिकाणी आईला एकीकडे ठेवतात आणि लेकराला दुसरीकडे पाठवतात. आई बरी होऊन येईपर्यंत लेकरू परकं झालेलं असतं. इथं तसं नव्हतं. ही कल्पना इंदुताईंची, आणि घरही त्यांचंच. यजमान गेल्यावर घर बिल्डरच्या घशात न घालता त्यांनी या बायांना देऊन टाकलं, म्हणून कांताबाई त्यांना मनापासून मानायच्या. सात आया होत्या, अकरा लेकरं होती. एकाहत्तर वर्षांच्या कांताबाई शाळेत खिचडी शिजवण्यात बरीच वर्षं काढून इथं आल्या होत्या आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहत होत्या.

तक्ता मात्र गिरिधर सरांचा. सर केंद्राचे व्यवस्थापक, चौतिशीतले, शिकलेले, स्वभावानं वाईट नव्हेत. त्यांनी जेवणघराच्या भिंतीवर एक मोठा पुठ्ठा लावला होता, त्यावर सात आयांची नावं. रोज संध्याकाळी सहाला लेकरांची रांग लागायची. एकेक लेकरू आपल्या आईसमोर जायचं, आई तोंड उघडून "हाऽ" करायची, लेकरू वास घ्यायचं. वास नसला तर आईच्या नावापुढं पिवळं फूल चिकटवायचं. आला तर काळा ठिपका. ओळीनं सात फुलं झाली की शनिवारी त्या लेकराला आइस्क्रीम.

"आईला औषधापेक्षा लेकराच्या नजरेचा धाक जास्त असतो," सर पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे डोळे पुसायचे आणि फोटो काढायचे.

पहिल्या ठिपक्याला ताकीद होती. दुसऱ्या ठिपक्याला आई शहरातल्या दवाखान्यात आणि लेकरू बालगृहात. पुढं दोघांना एकत्र ठेवायचं की नाही, ते बैठकीत ठरायचं. हा नियम पाहुण्यांना कोणी सांगत नसे. लेकरांना मात्र तो पाढ्यासारखा पाठ होता.

कांताबाईंना हे बघवत नसे, कारण हे काम त्यांनी स्वतः केलेलं होतं. त्यांचे वडील धोंडबा गिरणीत होते. छप्पन सालच्या दसऱ्याला पांढरे कपडे घालून ते धम्मदीक्षेच्या त्या अफाट गर्दीत उभे राहिले होते आणि "मी दारू पिणार नाही" ही प्रतिज्ञा सगळ्यांबरोबर खड्या आवाजात म्हणाले होते. सहा वर्षं त्यांनी ती पाळलीही. मग गिरणीतल्या सोबत्यांच्या नादी लागले. पाळी सुटून बाप गल्लीत दिसला की आई छोट्या कांताला दारातून ढकलायची. "जा, बापाच्या गळ्यात पड आन् वास घेऊन ये." बापाला वाटायचं, पोरगी मायेनं धावत येते. तो वाकायचा, उचलून घ्यायचा. कांता त्याच्या खांद्यावरून आईकडं पाहून मान हलवायची. मान हलली की दार आतून लागायचं. एका संध्याकाळी तसंच दार लागलं. बाप बराच वेळ ओट्यावर बसला आणि उठून कामठीकडं चालता झाला. तिकडंच त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं. पुढं आई जन्मभर, कांतावर चिडली की एकच वाक्य बोलायची, "तुझ्याच नाकानं माझं घर फोडलं." आईला जाऊन तीस वर्षं झाली. वाक्य गेलं नव्हतं.

तर त्या सात आयांमध्ये एक पुष्पलता. वय बत्तीस. कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडायची. दिवसभर मिरची खुडली की रात्री हात भगभग करतात. ताकात बुडवा, तेल लावा, डोळ्याला डोळा लागत नाही. पहिला ग्लास नवऱ्यानंच दिला होता, "पी, हात विसरशील." हात विसरली, हळूहळू बाकीचंही विसरायला लागली. ते बघायला नवरा थांबला नाही. थांबली ती पायल, नऊ वर्षांची लेक. मायलेकी केंद्रात येऊन पाच महिने झाले होते. पहिल्याच महिन्यात पुष्पलताच्या नावापुढं काळा ठिपका लागला होता. तो पायलनंच लावला होता, खरं सांगायचं असतं म्हणून. त्यानंतर तिच्या हातून फक्त फुलं लागली. चार महिने, एकही दिवस खाडा नाही. सर पाहुण्यांना हीच ओळ दाखवायचे.

रविवारी कामठीला पुष्पलताच्या मामेबहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. सरांनी सहाच्या आत परत या म्हणून सोडलं. पावणेसहाला मायलेकी फाटकातून आत आल्या. पायलच्या अंगात नवा फ्रॉक, केसांत गजरा, आणि पुष्पलताच्या गालात लवंग नि बडीशेप.

रांग लागली. कांताबाई हातभर अंतरावर बसून कांदा चिरत होत्या. पुष्पलतानं "हाऽ" केलं आणि लवंग, बडीशेप, कांदा, या सगळ्यांना बाजूला सारून तो वास त्यांच्यापर्यंत आला. बापाच्या गळ्यात पडून ओळखीचा झालेला वास माणूस विसरतो होय?

पायल आईसमोर क्षणभर उभी राहिली. मग तिनं पिवळं फूल चिकटवलं.

कांताबाईंनी खाली मान घालून उरलेला कांदा चिरला.

सोमवारी दुपारी त्या शेवग्याच्या शेंगा तोडायला मागच्या अंगणात गेल्या. धुण्याच्या दगडाआड पायल आणि पाच वर्षांची दीक्षा बसल्या होत्या. दीक्षा दुसऱ्या एका आईची लेक, नुकतीच आलेली.

"पहिले लांब श्वास घेऊन घ्यायचा," पायल शिकवत होती. "मंग नाक आतून बंद. आईनं हाऽ केलं का मनात चार मोजायचे, फूल लावायचं, मंग सोडायचा."

"काहून?"

"वास घेतलाच नाही ना आपण. सरांनी विचारलं वास आला का, तर नाही म्हणायचं. ते खोटं नाही होत."

दीक्षानं गाल फुगवले आणि बोटं मोजली. तीनवरच तिला हसू फुटलं.

"हसू नको वं! हसली तर नेतीन तुझ्या मायले."

कांताबाईंच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. दोघी पोरी ताडकन उठल्या. दीक्षा पळाली. पायल उभी राहिली, पण भिंतीला पाठ लावून.

"कधीपासून करून राहिली हे?"

"काय आजी?"

"श्वास रोखणं."

पायलनं अंगठ्यानं जमीन उकरली. "ठिपका लागला तवापासून."

"रोज? चांगल्या दिवशीही?"

"चांगला दिवस कोणता ते कसं समजन? त्याच्यासाठी वास घ्या लागते ना."

कांताबाईंच्या डोक्यात असा जाळ उठला की समोरचं शेवग्याचं झाडही त्यांना दिसेना.

पुष्पलता गच्चीवर कपडे वाळत घालत होती. कांताबाई गुडघे धरत जिना चढल्या. चढता चढता वाफ साठत गेली.

"लाज नाही वाटत वं तुले?"

"कशाची, आजी?"

"कालची. लवंगा चघळल्या म्हणून मी भैताड नाही झाली."

पुष्पलताच्या हातातली चादर अर्धी दोरीवर, अर्धी खाली राहिली. "अर्धा ग्लास फक्त. सगळ्या बाया मागच्या खोलीत बसल्या होत्या. वहिनी म्हणे घे, घरच्या पोरीचं साक्षगंध आहे, आजच्यानं काही होत नाही."

"वहिनीनं दिली, तू घेतली. ते तुझं तू पाह्य. मी त्याच्यासाठी हे दुखरे गुडघे घेऊन वर नाही आली. तुझी पोट्टी चार महिन्यांपासून तुझ्यासमोर श्वास कोंडून उभी राहते. आन् तू तिच्या मागं लपून राहिली! लेकराले पदराआड घेणाऱ्या माया लय पाह्यल्या मी. लेकराच्या फ्रॉकाआड लपणारी माय पह्यल्यांदा पाहून राहिली."

पुष्पलता रडेल असं कांताबाईंना वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं चादर ओढून घेतली आणि झटकली, फट्कन.

"मले माहीत आहे. समोर मीच असते ना. श्वास कोंडला का तिचे डोळे मोठे होतात. रोज पाहते मी. चांगल्या दिवशी मनात म्हणते, घे ना वं, आज घे, आज नाही पिली मी. घेत नाही. आन् खरं बोलली तर नेतीन तिले. मंग सांगा मले, कोणतं करू?" तिचा आवाज चढला. "आन् तुम्हालेही आला होता ना काल वास? तुम्ही काहून नाही बोलल्या? तुम्हीही तर तिच्याच मागं लपल्या!"

एवढ्या वर्षांत कांताबाईंना असं कोणी बोललं नव्हतं, आणि एवढं खरंही कोणी बोललं नव्हतं. त्या पाठ फिरवून जिना उतरल्या. राग तेवढाच होता, पण आता त्यात त्यांचा स्वतःचाही वाटा होता.

मंगळवारी त्या ऑफिसात गेल्या. "सर, तो तक्ता काढून टाका."

सर हसले. "काय झालं, कांताबाई? उद्या पाहुणे येतायत. इंदुताई खास तक्ता दाखवायला आणतायत त्यांना."

"लेकरं खोटं शिकून राहिली त्याच्यानं."

सरांचं हसू मावळलं. त्यांनी वही पुढं ओढली, पेनाचं टोपण काढलं. "कोण? कोणाच्या आईला वास आला?"

कांताबाईंनी पेनाच्या टोकाकडं पाहिलं. एक नाव घ्यायचा अवकाश, आणि नऊ वर्षांची पोर पेटी घेऊन बालगृहाच्या दारात. खरं बोलायला कधी भीती वाटली नव्हती त्यांना. पण इथं खरं बोलणं म्हणजे पुन्हा मान हलवणं होतं.

"कोणाच्या नाही," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात येऊन त्यांनी कणकेला असा गुद्दा मारला की परात ओट्यावरून सरकली.

बुधवारी पाहुणे आले. चार-पाच जण, बरे लोक. लेकरांसाठी खाऊ आणला होता. इंदुताई कलकत्ता साडीत, आनंदानं फुललेल्या. सरांनी पुष्पलताची ओळ दाखवली. ठिपक्यानंतर फुलंच फुलं.

"आणि ही पायल. हिनं आईला वाचवलं," इंदुताई पायलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या. "पायल बेटा, दाखव बरं ताईंना, तुम्ही कसं करता."

पुष्पलतानं "हाऽ" केलं. पायल पुढं झाली, थांबली, फूल लावलं. टाळ्या पडल्या.

"किती गोड!" एक पाहुणी म्हणाली. "बेटा, पुन्हा एकदा? माझा व्हिडिओ हलला."

पायलनं पुन्हा केलं.

"आता थोडं इकडं तोंड करून. सावकाश हं. अजून थोडं थांब तशीच."

कांताबाई स्वयंपाकघराच्या दारात, हात कणकेनं भरलेले. पायलचे डोळे मोठे झाले होते. कपाळावरची शीर वर आली होती. मनातले चार कधीच मोजून झाले असणार, आणि बाई अजून फोन सरळ धरत होती.

पुष्पलतानं तोंड मिटलं.

"बस झालं," ती म्हणाली. "श्वास घे, पायल."

"काय झालं?" सर पुढं आले.

"मी रविवारी पिली होती. कामठीले. तरी फूल लागलं. आज नाही पिली, तरी पोरगी वास घेत नाही. ते सगळे फुलं असेच आहेत, सर. त्याच्यातलं खरं कोणतं, ते तिलेही माहीत नाही."

इंदुताईंचा चेहरा उतरला. त्या वळल्या, पण पुष्पलताकडं नाही. पायलकडं.

"पायल? तू खोटं बोललीस? माझ्याशी?"

इथं कांताबाईंचा बांध फुटला.

"तिले काहून विचारता?" कणकेचे हात तसेच घेऊन त्या मधोमध आल्या. "मले विचारा! मलेही आला होता वास. एवढी म्हातारी मी, कांदा चिरत बसली. या सरांले काल सांगायले गेली तर यायनं पेन काढला. मोठे मोठे आपण सारे गप बसतो, आन् नऊ वर्षांच्या पोट्टीनं रोज संध्याकाळी आपल्या मायचा निकाल लावायचा? आइस्क्रीम खाऊन?"

"कांताबाई, आवाज कमी करा. नियम आहे आपला. तिच्या मुलीच्याच भल्यासाठी—"

"नियम! प्याली माय, आन् उचलून नेता लेकराले! सांगितलं का या पाहुण्यांले, दुसऱ्या ठिपक्याले काय होते ते? नाही ना? फुलं दाखवले फक्त." त्या इंदुताईंच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. "तुम्ही घर दिलं, ताई. मी रोज तुमचं नाव घेते, खोटं नाही सांगत. पण घर देऊन दाराची कडी लेकराच्या हाती दिली तुम्ही. कोणतं लेकरू आपल्या मायवर कडी लावन? आन् लावली तर जन्मभर त्याच्या हाताचं काय होते, ते मले विचारा."

व्हिडिओवाल्या बाईनं फोन पर्समध्ये ठेवला. गिरिधर सर घसा खाकरून म्हणाले, "इंदुताई, तसं पाहिलं तर एकदा पाय घसरला म्हणजे सगळं संपलं असं नसतं. आम्हाला शिकवतानाही हेच—"

"शिकवलं होतं?" कांताबाई त्यांच्यावर फिरल्या. "मंग तेच भिंतीवर काहून नाही लावलं, सर?"



इंदुताई खुर्चीत बसल्या. त्या बोलल्या तेव्हा आवाजात माया नव्हती, रागच होता, पण निदान आता तो मोठ्या माणसांवर होता. पुष्पलता दहा दिवस दवाखान्यात जाईल. पुढचं बैठकीत ठरेल.

"आन् पोट्टी?" कांताबाईंनी विचारलं.

"बालगृहाचा नियम—"

"पोट्टी माझ्या खोलीत झोपन. तिले इथून हलवायचं असन तर उद्याच्या स्वयंपाकाले दुसरी बाई पाहून ठेवा. आन् बैठकीत मीही येईन. बोलावलं नाही तरी येईन."

इंदुताईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "या," त्या म्हणाल्या. "बोलल्याशिवाय तुम्ही थोड्याच राहणार." आणि सरांना म्हणाल्या, "काढा ते भिंतीवरून."

चूल असती तर कांताबाईंनी तो तक्ता सरपण म्हणून घातला असता. गॅसवर पुठ्ठा जाळता येत नाही. सर तो घडी करून ऑफिसात घेऊन गेले, कशाला ते कोणी विचारलं नाही.

चार वाजता पुष्पलता दवाखान्याच्या गाडीत बसली. तिनं पायलला जवळ घेतलं. पायल काठीसारखी ताठ उभी राहिली. गाडी वळली तरी रडली नाही.

सहाला लेकरांची सवयीनं रांग लागली, रिकाम्या भिंतीसमोर.

"जा, खेळा," कांताबाई म्हणाल्या. लेकरं एकमेकांकडं पाहत अंगणात गेली. पायल गेली नाही. कांताबाईंनी तिला स्वयंपाकघरात नेऊन तिच्यापुढं वाफाळत्या वरणभाताचं ताट ठेवलं.

"दहा दिवसांनी येईन ती?"

"येईन म्हणते. मले माहीत नाही."

"परत पिईन?"

"तेही माहीत नाही, बाई."

"तुम्हाले काहीच माहीत नाही!" पायलनं ताट भिरकावलं. वरण भिंतीपर्यंत उडालं, ताट गरगरत ओट्याखाली गेलं. आवाजानं दोन आया धावत आल्या. कांताबाईंनी हात करून त्यांना दारातच थांबवलं.

"मी होती ना तिच्यासंगं!" पायल ओरडत होती. "मी म्हटलं चाल घरी. दोनदा म्हटलं. नवीन फ्रॉक घातला होता मी! काहून पिली ती?"

"तिले विचार."

"तिले विचारलं तर रडते. रडली का पिते."

"ती पिईन तर तिच्या तोंडानं पिईन. तुझ्या विचारण्यानं नाही. रविवारी जाऊ दवाखान्यात. तोंडावर विचार."

पायलनं नाक पुसलं. "ओरडून?"

"ओरडून."

"तिथं बाकीचे लोक असतीन."

"असू दे. काय म्हणशील, सांग मले. मी तुझी माय आहे असं समज."

पायलनं त्यांच्याकडं संशयानं पाहिलं. मग हळूच, कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, "काहून पिली वं तू?"

"ऐकू नाही आलं."

"काहून पिली?"

सांडलेल्या वरणात कांताबाई अनवाणी उभ्या होत्या. पाय भाजत होते, त्या हलल्या नाहीत.

"काहून पिली वं तू!" पायल किंचाळली. अंगणातली लेकरं खेळायची थांबली. शेजारच्या घराची खिडकी उघडली.

"आणखी," कांताबाई म्हणाल्या.